नऊ मोजेपर्यंत चालणारा ईमेल

मु. कोसमटोला, ता. कुरखेडा
मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय मित्र अश्वजित यास धनराजचा जय सेवा, आणि नूतनवहिनींना जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? (उजवा की डावा ते आता आठवत नाही, तेव्हा दोन्हींची चौकशी समज.) बल्लारपुरात थंडी पडली का? निवृत्त झाल्यावर सकाळी लवकर उठतोस की अजून वहिनींनाच तांब्या आपटावा लागतो? हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटेसुलटे करून पाहशील, अक्षर ओळखशील आणि गावात कोणी गेले की काय असे समजून मटकन खाली बसशील. बसू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुझी वहिनी सुकरी बरी आहे, दसरूभाऊ अजून ग्रामसभेचे अध्यक्ष आहेत आणि अजून कोणाचे ऐकत नाहीत. मी अजून सचिव आहे आणि बरा आहे, फक्त गेल्या आठवड्यात माझे वजन उतरले असावे, कारण धोतर नेसत नाही म्हणून बरे, पण पँट दोनदा पट्ट्यातून खाली आली. सहा वर्षांत तुला एक ओळ धाडली नाही आणि आज एकदम पाकीट पाठवतो आहे, याचा वेगळा अर्थ काढू नये. हे पत्र निव्वळ कार्यालयीन आहे. विषय: ग्रामसभेच्या संगणकावरचा ईमेलचा प्रोग्राम बंद पडणे.

संगणक तोच, तू दिलेला. प्रोग्रामही तोच, तू बसवलेला. आमच्याकडे इंटरनेट येते-जाते म्हणून तू तो असा लावून दिलास की आलेली टपाल आमच्या यंत्रात उतरते आणि वरची, म्हणजे इंटरनेटवरची, जागा रिकामी होते. मोठी सोय होती ती. सहा वर्षे चालली. मागच्या सोमवारी सकाळी मी खोली उघडली, उदबत्ती लावली (संगणकाला नव्हे, खोलीला; त्यात घुशींचा वास येतो), प्रोग्राम उघडला, टपालाची यादी दिसली, आणि मी चष्मा पुसेपर्यंत सगळे नाहीसे झाले. पुन्हा उघडला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मी मोजत बसलो. नऊ मोजले की जातो. दहा कधीच होऊ दिले नाहीत.

एरवी मी दोन दिवस वाट पाहिली असती. पण त्याआधी पाचच दिवस जिल्ह्याच्या एका कार्यालयाचे पत्र ईमेलने आले होते. त्यांनी नव्याने काढलेल्या नकाशात आपली बोडी गावाच्या हद्दीबाहेर गेली आहे. बोडी म्हणजे तोच तलाव, ज्यात तू कॉलेजच्या सुट्टीत उडी मारलीस आणि चप्पल अजून सापडली नाही. आमचे म्हणणे काय ते जुन्या मोजणीच्या नकाशासह शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच कळवा, नाहीतर गावाची हरकत नाही असे समजू, असे त्यात होते. तो जुना नकाशा कुठे? ईमेलच्या प्रोग्राममध्ये. नोंदणी केलेला ईमेल कुठला? तोच. त्याचा पासवर्ड कोणाला माहीत? तुला. एकट्याला. तूच तो घातलास आणि मला म्हणालास, "तुले गरज पडली तं मले विचार." आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी तुला विचारण्याच्या लायकीचा उरलो नाही. तर सोमवारपासून मी या तीन गोष्टींत अडकलो होतो, आणि खरे सांगायचे तर त्यातली तिसरी सगळ्यात मोठी होती.

आता यंत्र बिघडले की गावात प्रत्येक जण वैद्य होतो, हे तुला ठाऊक आहे. दसरूभाऊंचे मत पडले की आतमध्ये वाळवी शिरली. मी म्हटले भाऊ, लोखंडाला वाळवी लागत नाही. ते म्हणाले, सरकारी कागदाले लागते ना, मग झालं. म्हणून डबा उघडला. आत एक पाल होती, ती मलाच पाहून दचकली. तिला सन्मानाने बाहेर काढले. प्रोग्राम नऊ मोजून गेला. मग विजेवर संशय. पहाटे व्होल्टेज चांगले असते म्हणून मंगळवारी सहाला खोलीत जाऊन बसलो. नऊ मोजून गेला. सुकरी दारात उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, "त्याचं पोट भरलं असन. भरल्या पोटी आणखीन खाऊ घालून राह्यले तुमी." मी तिला म्हटले, संगणकाला पोट नसते. (हे वाक्य लक्षात ठेव. पुढे त्याचा उपयोग आहे.)

आणि दर वेळी बंद पडला की एक पेटी उघडायची. त्यात दिलगिरी व्यक्त केलेली असते आणि विचारलेले असते की बंद पडला तेव्हा आपण काय करत होता, ते लिहून पाठवा. आता कोणी लेखी विचारले तर लेखी उत्तर देणे माझ्या हाडात आहे. पहिल्या वेळी मी लिहिले, "महोदय, मी बसलो होतो." दुसऱ्या वेळी, "महोदय, संदर्भीय अहवालानुसार अद्यापही बसलो आहे." प्रत्येक अहवालाला जावक क्रमांक दिला आणि रजिस्टरात नोंद केली. बुधवारपर्यंत त्रेचाळीस अहवाल गेले. एकाचेही उत्तर आले नाही. नंतर लक्षात आले की उत्तर आलेच असते तर ते ईमेलने आले असते.

या सगळ्यात दर तासाला कोणी ना कोणी म्हणायचे की एवढा त्रास काऊन घेता, अश्वजितभाऊले फोन लावा ना. गावाला माहीत नव्हते, अश्वजित. गाव अजून समजत होते की आपण महिन्यातून एकदा तरी बोलतो. मी तसे समजू दिले होते. कोणी तुझी खबर विचारली की "बरा आहे" असे सांगायचो, आणि वर्षातून एकदा तुला किरकोळ सर्दीही करायचो, म्हणजे ते खरे वाटावे. (मागच्या पावसाळ्यात तुला मलेरिया झाला होता. लवकर बरा केला.) तेव्हा मी बुधवारी म्हणालो की तो लग्नाला गेला आहे. कोणाच्या? साळीच्या. नूतनवहिनींना बहीण नाही हे सुकरीला माहीत आहे. ती फक्त सूप जरा जोरात पाखडू लागली.

बुधवारी दुपारी मी तो डबा धानाच्या तणशीत बसवून, बांबूच्या टोपलीत ठेवून, बसने ब्रह्मपुरीला नेला. कंडक्टरने विचारले, "अंडे हायेत का?" मी हो म्हणालो, कारण अंडी आहेत म्हटले की कोणी पाय ठेवत नाही. ब्रह्मपुरीत कॉलेजच्या रस्त्याला एका दुकानात गेलो. (आपली ती खाणावळ आता राहिली नाही. तिथे मोबाइलची कव्हरे विकतात. मी दोन मिनिटे उगीच उभा राहिलो.) दुकानदाराने नऊ मोजेपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागन." म्हणजे काय ते मी विचारले. म्हणजे आतले सगळे पुसून यंत्र कोरे करायचे. "नवा होऊन जाईन काका, एकदम फ्रेश." सहा वर्षांची टपाल, बोडीचा नकाशा, गावाचे सगळे दावे, सगळे फ्रेश! मी टोपली उचलली आणि बाहेर आलो. तो मागून हाका मारत होता. इतक्या जोरात मी शेवटचा कधी पळालो असेन तर अस्वल मागे लागले तेव्हा, आणि तेव्हा हातात डबा नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी कुरखेड्याच्या मोनालीबाईंना निरोप पाठवला. तिथे त्यांचे ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे, मशीनही दुरुस्त करतात, दोन लेकरांची आई, बोलणे तोडून. शुक्रवारी अकरा वाजता त्या स्कूटीवरून आल्या, पाणी प्यायल्या, आणि त्यांनी जे पहिले वाक्य म्हटले त्यावर मी खोलीतल्या खोलीत डोळे पुसले. म्हणाल्या, "आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवू. तोवर कोणी कायलेच हात लावू नका." मग त्यांनी प्रोग्राम वरच्या जादा सोयी बंद करून साध्या पद्धतीने सुरू केला, नऊ मोजून गेला. मग त्याला एक नवीन रिकामे घर करून दिले, ज्यात आपली टपाल अजिबात नाही. अश्वजित, दहा झाले! अकरा, बारा, वीस, शंभर. दसरूभाऊंनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हात वर करून थांबवले. यंत्र ठीक आहे, प्रोग्राम ठीक आहे, म्हणजे खडा तुमच्याच तांदळात आहे, असे त्या म्हणाल्या, आणि तांदूळ निवडावेत तसे एकेक कप्पा या घरातून त्या घरात टाकून, दर वेळी प्रोग्राम उघडून पाहू लागल्या.

आलेल्या टपालाचा कप्पा टाकला, चालला. पाठवलेल्याचा टाकला, चालला. मग कचऱ्याचा कप्पा. त्यात नऊ हजार पत्रे निघाली. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना नियम सांगितला: ग्रामसभेच्या दप्तरातला कुठलाही कागद सर्वांसमोर वाचून दाखवून, सर्वांच्या सहमतीनेच नष्ट करायचा. (तुला आठवत असेल, माझ्या आधीच्या सचिवाने जुने गठ्ठे रद्दीत दिले आणि जंगलातल्या हक्काचा आपला कागद आपल्याला आठवडी बाजारात चिवड्याभोवती गुंडाळलेला मिळाला. तेव्हा हा नियम झाला. मांडला मीच.) मग नऊ हजार पत्रे वाचणार कोण? म्हणून कचरा जपून ठेवलेला आहे. सगळ्यांची खात्री झाली की खडा इथेच. कचऱ्याचा कप्पा टाकला. चालला.

आता एकच कप्पा उरला. ड्राफ्ट. म्हणजे अर्धवट लिहून ठेवलेली, न पाठवलेली पत्रे. मी बाईंना चहा विचारला. त्या नको म्हणाल्या. मी पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा खोलीतले अठरा लोक माझ्याकडे पाहू लागले, आणि माझे कान असे तापले की त्यावर भाकर भाजली असती. बाईंनी तो कप्पा टाकला, प्रोग्राम उघडला, आणि सगळ्या खोलीने मोठ्याने मोजले. नऊ. गेला. त्या कप्प्यात एकच पत्र होते. एक. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलेले, तीनशे बारा फोटो जोडलेले. प्रोग्राम उघडला की ते अर्धे पत्र आपोआप समोर यायचे, फोटो एकेक आत ओढू लागायचे आणि ओढता ओढता प्रोग्राम जीव टाकायचा. बंद पडण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी त्यात बोडीचे अकरा नवे फोटो घातले होते, तेच शेवटचे ठरले. सुकरी दारातून एवढेच म्हणाली, "पोट."

ते पत्र तुला होते.

आता मूळ गोष्ट लिहितोच, कारण इथवर आल्यावर ती न लिहिणे म्हणजे शुद्ध लबाडी होईल. त्या दिवशी तू ट्रेनने, मग बसने, मग जीपने तो संगणक मांडीवर घेऊन आलास. दिवसभर बसून तारा जोडल्यास, मला एका बोटाने टाइप करायला शिकवलेस. संध्याकाळी ग्रामसभेच्या रजिस्टरात मी नोंद केली: "एक संगणक प्राप्त झाला." कोणाकडून, ते लिहिले नाही. कारण देणाऱ्याचे नाव दप्तरात लिहायचे नाही, हाही नियमच होता, आणि तोही मीच मांडला होता, एका पुढाऱ्याने हातपंपावर आपले नाव हातपंपाहून मोठे रंगवले तेव्हा. तू रजिस्टर वाचलेस. तांब्याभर पाणी प्यायलास आणि शेवटच्या जीपने निघून गेलास. सुकरीने कोंबडीचा रस्सा केला होता, भात उतरायचा होता. मी तुझ्या मागे रस्त्यापर्यंतही आलो नाही. नियम माझ्या बाजूने होता ना!

शुक्रवारी पुढे काय झाले ते सांगतो. बाई म्हणाल्या, "काढून टाकू का भाऊ हे पत्र?" मी इतक्या पटकन हो म्हणालो की दसरूभाऊंना संशय आला. ते म्हणाले, "नियम काय हाय, सचिव?" मी म्हटले, हे खासगी आहे. ते म्हणाले, "मशीन कोनाची हाय?" मशीन ग्रामसभेची. मी म्हटले, वेळ कमी आहे. तेव्हा असे ठरले की पत्र नष्ट न करता तूर्त बाजूला ठेवावे, नकाशा पाठवावा, आणि पत्राचा निकाल रविवारी सभेत लावावा. पत्र बाजूला केले, प्रोग्राम उघडला, नकाशा सापडला, उत्तर लिहिले, जोडले, पाठवा म्हटले, आणि त्याने पासवर्ड मागितला. घर बदलताना जुनी किल्ली जुन्या घरातच राहिली होती. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. दसरूभाऊ म्हणाले, "आता तं लावाच फोन अश्वजितभाऊले. लग्न असो का मयत असो."

मी फोन घेऊन अंगणात गेलो. तुझा नंबर मला अजून तोंडपाठ आहे. नऊ आकडे दाबले. दहावा दाबला नाही. (मी आणि तो प्रोग्राम, दोघेही नऊवर थांबतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले आणि मला स्वतःचा मनापासून राग आला.) फोन कानाला लावून मी आत आलो आणि सांगितले की लागत नाही. सुकरी माझ्यासमोर उभी होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला, पडद्याकडे पाहिले आणि परत दिला. सगळ्यांसमोर ती काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. घरी बोलली, तेव्हा ते फिटले. इकडे मोनालीबाईंनी फोनची वाट न पाहता जुने घर पुन्हा उघडले, सेटिंगमध्ये गेल्या, आणि कुठेतरी "दाखवा" असे बटण असते ते दाबले. तू सहा वर्षांपूर्वी घातलेला पासवर्ड पडद्यावर आला. बाईंनी तो अठरा लोकांसमोर मोठ्याने वाचला. तो काय होता ते तुला माहीतच आहे, त्याबद्दल खाली लिहितो, आधी कार्यालयीन काम संपवू दे. चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर गेले. पावणेपाचला पोच आली. बोडीची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, पण हरकत वेळेत नोंदली गेली.

रविवारी सभा भरली. धानाची कापणी चालू असूनही इतकी गर्दी मी बोडीच्या विषयालाही पाहिली नव्हती. नियमाप्रमाणे मला ते पत्र वाचून दाखवावे लागले, पहिल्या ओळीपासून. पहिली ओळ, डिसेंबर २०१९: "अश्वजित, मी चुकलो नाही." त्यानंतर नियमाचे कलम, पोटकलम, हातपंपाचा इतिहास. हे पाऊण तास चालले. पुरुष मंडळी बैल बांधायला म्हणून उठली. मग लॉकडाऊनच्या वर्षाची ओळ आली: "बल्लारपुरात रुग्ण वाढले असे ऐकतो. तू बाहेर पडू नकोस. मी अजूनही चुकलो नाही." मग, "काल मोहाला फूल आले, फोटो जोडला आहे." मग तुझ्या निवृत्तीची बातमी दुसऱ्याकडून कळली तेव्हाची. मागच्या वर्षीची ओळ होती, "मी अर्धा चुकलो असे समज." बैल बांधून पुरुष परत आले होते. शेवटची ओळ मागच्याच्या मागच्या रविवारची: "बोडी काठोकाठ भरली. तुझी चप्पल वर येते का म्हणून मी पाहून आलो. नियम बरोबर होता, पण मी तुझ्या मागे रस्त्यापर्यंत यायला पाहिजे होते." ही ओळ वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला. मला फार लाज वाटली, अश्वजित. साठ वर्षांचा माणूस, सचिव, आणि सगळ्या गावासमोर कागद हातात घेऊन रडतो.

वाचन संपल्यावर म्हाताऱ्या इतवारीबाई पुढे सरकल्या. म्हणाल्या, "इतकं लिवलं अन् पाठवलं नाई? काऊन?" मी हातातल्या कागदाची घडी घालू लागलो. मग ठराव मांडला गेला की हे पत्र ग्रामसभेचे नाही आणि सचिवाचेही नाही, ज्याला लिहिले त्याचे आहे, तेव्हा नष्ट करण्याचा अधिकार इथे कोणालाच नाही; ज्याचे त्याला पोचते करावे, आणि सचिवाने मंगळवारपर्यंत स्वहस्ते पत्र लिहून त्याला तसे कळवावे. आपल्याकडे ठराव बहुमताने होत नाही, सगळे हो म्हणेपर्यंत सभा उठत नाही. सगळे हो म्हणाले. विरोध एकट्या माझा. विरोध करणाऱ्याने कारण द्यायचे असते, नाहीतर त्याचा विरोध धरत नाहीत (हाही नियम कोणी मांडला ते विचारू नकोस). कारण सापडले नाही. ठराव मंजूर झाला.

तर असा हा सगळा प्रकार आहे. प्रोग्राम आता व्यवस्थित चालतो, चार दिवसांत एकदाही बंद पडला नाही. कार्यालयीन विषय इथे संपतो. नूतनवहिनींना माझा नमस्कार सांग. गुडघ्याला मोहाचे तेल लाव.

तुझा,
धनराज

ता.क. वरील पत्र मी ग्रामसभेच्या ठरावानुसार, मंगळवारपर्यंत, स्वहस्ते लिहिले आहे. माझी वैयक्तिक इच्छा यात गृहीत धरू नये.

ता.क. २. ता.क. १ सुकरीने वाचला. खोडता येत नाही, कारण ग्रामसभेच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. पण तो खोटा आहे.

ता.क. ३. ते मूळ पत्र ईमेलने जाण्यासारखे नाही, वजन फार आहे. मोनालीबाईंनी ते पेन ड्राइव्हवर काढून दिले. पोस्टाने पाठवायला जीव धजत नाही, म्हणून माझ्याजवळच ठेवले आहे. सभेनंतर इतवारीबाईंनी विचारले की रजिस्टरात आता नाव लिहायचे का. सुकरी म्हणाली, "नाव कायले पायजे? तो मानूस जेवला नाई त्या दिवशी. त्याले पहिले जेवू घाला." यावर कोणाचा विरोध नव्हता. माझाही नव्हता. येत्या रविवारी ये. भात उतरल्याशिवाय त्या दिवशी एकही जीप सोडायची नाही, असे दसरूभाऊंनी जीपवाल्याला सांगून ठेवले आहे.

ता.क. ४. पासवर्डबद्दल लिहायचे राहिले. इंग्रजी अक्षरांत माझे नाव, पुढे "खोली", पुढे सात. कॉलेजात असतानाची ब्रह्मपुरीची आपली सात नंबरची खोली. मी तुझे नाव एका ओळीत लिहिले नाही, आणि तू माझे नाव घालून गेलास. सहा वर्षे गावाची सगळी टपाल त्याच नावाने उघडत होती आणि मला ठाऊक नव्हते. आता तो अठरा लोकांना, म्हणजे साऱ्या तालुक्याला माहीत झाला आहे. तो तातडीने बदलला पाहिजे, असे मोनालीबाई रोज निरोप पाठवतात. कसे बदलायचे ते त्यांनी मला दोनदा दाखवले. दोन्ही वेळा मी त्या पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. माझ्या हाताने तो पुसला जाणार नाही, अश्वजित. तू ये आणि तूच बदल.